चंद्राकाकीनं न दिलेलं उत्तर

कासूच्या चंद्रावती मोकल यांना रागावलेलं पाहिलंय, असं सांगणारी माणसं त्या पुस्तकाच्या आधी गावात मोजकीच होती. त्यांनीही तो राग एकदाच पाहिला होता, आणि तो पोथीवरूनच आला होता.

चंद्राकाकी मूळची गडब गावची. सातवीपर्यंत शिकली आणि गोविंदा मोकलांशी लग्न करून कासूला आली. गोविंदा नागोठण्याला कंपनीत कंत्राटी कामाला, तीन शिफ्टमध्ये विभागलेला माणूस. सासरे पुंडलिकबुवा मारुतीच्या देवळात पोथी वाचत. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, ऑपरेशन बिघडलं आणि अक्षरं दिसेनाशी झाली. मग सून सकाळी भाकऱ्या थापता थापता त्यांना अध्याय वाचून दाखवायची, सासरे ऐकून पाठ करायचे आणि संध्याकाळी देवळात पोथी पुढ्यात उघडी ठेवून पाठ म्हणायचे. अकरा वर्षं हे चाललं. गावाला कळलं नाही. कळलं तेव्हा पुंडलिकबुवा गेलेले होते, आणि देवळातल्या मंडळींनी ठरवलं की बाईमाणसानं त्या जागेवर बसणं बरं दिसत नाही.

काकी भांडली नाही. म्हणाली, "देवळात नको तर नको. ओटी माझी हाय."

तेव्हापासून दर एकादशीला दुपारी दोन ते चार तिच्या घरापुढच्या ओटीवर बायका जमू लागल्या. काकीची वाचायची तऱ्हा वेगळी होती. ती एक ओवी वाचायची, थांबायची आणि विचारायची, "काय कळलं?" मग कुणी भाताच्या राबाचा दाखला द्यायची, कुणी वालाच्या शेंगेचा, कुणी सासूचा. हसणं व्हायचं, कधी डोळ्यांत पाणी यायचं. आणि काकीला स्वतःला एखादी ओवी उलगडली नाही तर ती सरळ सांगायची, "ही मला नाय कळली गो. पुढच्या एकादशीला बघू." कीर्तनकार, प्रवचनकार पुष्कळ ऐकलेल्या बायकांना हे फार आवडायचं. आपल्यासारखंच हिलाही सगळं ठाऊक नाही, याचा त्यांना धीर वाटायचा.

आता तो पहिला राग. ओढ्यापलीकडच्या आदिवासी वाडीतली पारी काकीच्या शेतावर लावणीला यायची. एका एकादशीला ती ओटीच्या खालच्या पायरीवर येऊन बसली आणि तिथूनच ऐकू लागली. काकीनं तिला वर बोलावलं. पारी जागची हलेना. शेजारची अनिता म्हणाली, "राहू दे गो काकी, तिला तिथंच बरं वाटतं."

काकीनं पोथी मिटली. "तिला बरं वाटतं का तुला बरं वाटतं?"

अनिता पायरीकडे बघू लागली. काकी म्हणाली, "मग आज वाचन नाय." आणि पोथी मांडीवर ठेवून गप्प बसून राहिली. पाच मिनिटं गेली, दहा गेली, वीस गेली. बायका चुळबुळल्या, पण उठून जायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी अनिताच खाली उतरली, पारीचा हात धरून तिला वर घेऊन आली आणि आपल्या शेजारी बसवलं. काकीनं पोथी उघडली.

पुढं काकीनं पारीला वाचायला शिकवलं. अंकलिपी नाही की पाटी नाही, पोथीवरच बोट ठेवून. पोथीचं अक्षर मोठं, ओव्या अर्ध्या पाठ झालेल्या, त्यामुळे कानाला ठाऊक असलेलं डोळ्याला सापडत गेलं. अडीच वर्षं लागली. ज्या दिवशी पारीनं चार ओव्या न अडखळता वाचल्या, त्या दिवशी बायकांनी तिच्या अंबाड्यात अबोलीचा गजरा माळला. तिचा नवरा मोतीराम न्यायला आला होता. तो अंगणात उभा राहून ऐकत होता आणि उगाचच पायातल्या चपलेचा अंगठा नीट करत होता.

सुजय साठे नावाचे गृहस्थ ओटीवर आले ते त्यानंतरच्या वर्षी. राहायला रोह्याला, वय पंचेचाळीसच्या आसपास. पूर्वी कंपन्यांमधून कामगारांना प्रशिक्षण द्यायचे, आता 'निर्मळवाट परिवार' नावाची संस्था चालवत. श्रद्धा वाढवावी कशी, घरादारानं मिळून उपासना करावी कशी, यावर बोलत आणि पुस्तकं लिहीत. माणूस मिठ्ठास. मांडी घालून बायकांच्या मागं बसायचे, कुणी पाणी दिलं तर दोन्ही हातांनी घ्यायचे. म्हणाले, "काकी, तुमच्या ओटीवर जे चालतं ते शहरातल्या माणसाला मिळत नाही. मी हे लिहून काढू का?"

काकीला त्यात वावगं दिसलं नाही. "लिहा की. माझं कुठं काय, पोथीतलंच हाय."

आठ एकादश्या ते आले. मोबाइल जमिनीवर ठेवून सगळं रेकॉर्ड करायचे. काकी त्यांना जेवल्याशिवाय जाऊ द्यायची नाही. वालाचं बिरडं त्यांना इतकं आवडायचं की एकदा डबा भरून दिला.

सातव्या एकादशीला पारी बोलली. ओवी होती देव हाकेला धावतो अशा अर्थाची. काकीनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय कळलं?" आणि कधी स्वतःहून तोंड न उघडणारी पारी म्हणाली, "मला नाय पटली."

सगळ्यांनी माना वळवल्या. मग पारीनं सांगितलं. तिची दर्शना सहा वर्षांची होती. श्रावणात, भर पावसाच्या दिवसांत तिला मण्यार डसली. मोतीराम तिला खांद्यावर टाकून निघाला, पण ओढा दुथडी भरलेला आणि ओढ्यावर साकव नाही, साधा पायपूलसुद्धा नाही. पाणी उतरायला तीन तास लागले. त्या तीन तासांत पारीनं गावदेवीला हाका मारल्या, खण-नारळ बोलली, केस कापून देईन म्हणाली, माझा जीव घे म्हणाली. पाणी उतरलं तेव्हा पोर बापाच्या खांद्यावरच थंड झाली होती.

"मी हाक कमी मारली का काकी?" पारी म्हणाली. "देव का नाय धावला?"

बोलायला सुरुवात होतानाच काकीची नजर त्या मोबाइलकडे गेली होती. तिनं वाकून तो उलटा केला आणि सुजयना म्हणाली, "हे नको." त्यांनी मान डोलावली, मोबाइल उचलून खिशात ठेवला.

काकीनं पोथी मिटून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "मला म्हाईत नाय गो पारी. आणि मला म्हाईत हाय असं जो कुणी सांगल ना, त्याच्यावर इस्वास ठेवू नको. तू हाक कमी मारली नाय. येवढं मात्र मला ठाऊक हाय."

बस. एवढंच उत्तर. पारी रडली, अनिताच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि जाताना म्हणाली की पाच वर्षांत आज छाती हलकी झाली.

वर्षभरानं पुस्तक आलं. नाव 'बांधावरची श्रद्धा'. गावात आरोग्याचं काम करणारी आशाताई मृणाली, तीही ओटीवर यायची, तिनं पेणला एका दुकानात ते पाहिलं आणि घेऊन आली. मुखपृष्ठावर भातशेती, मागं डोंगर, पुढं समईचं चित्र. आत पहिल्याच पानावर कासूचं नाव. ओटीवर नुसता आनंदीआनंद. गोविंदांनीसुद्धा चष्मा शोधून ते हातात घेतलं. पारीनं लाजत विचारलं, "मी नेऊ का काकी वाचायला? आधी मी नेते." पोथी सोडून तिनं वाचायला घेतलेलं हे पहिलं पुस्तक. काकीनं ते रुमालात बांधून दिलं.

पुढच्या एकादशीला पारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काकीला वाटलं, कामाला गेली असतील दोघं बाहेरगावी. तिसऱ्या एकादशीच्या आदल्या दिवशी सकाळी मोतीराम अंगणात आला. रुमालात बांधलेलं पुस्तक त्यानं ओटीच्या कडेला ठेवलं.

"बस की मोतीराम. पारी कुठं हाय?"

"घरीच हाय." तो बसला नाही. "काकी, तुम्ही तिच्या तोंडावर एक बोललात, आणि पुस्तकात दुसरं छापलंत. आमच्या पोरीचं नाव घालून. आम्ही अडाणी माणसं, पण असं नको होतं करायला."

"काय छापलं रं?"

"वाचा," एवढं म्हणून तो गेला.

पुस्तक एका पानावर आपोआप उघडलं. त्या पानावर ओळींखालून मातकट बोट फिरल्याची पुसट रेघ होती. काकीनं वाचलं. कासूच्या वाडीतली आदिवासी माता, सर्पदंशानं गेलेली दर्शना, आणि मातेचा प्रश्न. मग हे:

'माउली मंद हसल्या. म्हणाल्या, बाळे, देव हाकेला नाही, हाकेमागच्या विश्वासाला धावतो. तू नवस बोललीस, पण मनात भय होतं. जिथं भय आहे तिथं श्रद्धा अपुरी आहे. अपुऱ्या श्रद्धेचं फळही अपुरंच. त्या मातेनं अश्रू पुसले. तिला तिचं उत्तर मिळालं होतं.'

ओढा नव्हता. साकव नव्हता. तीन तास नव्हते.

काकीनं ते दोनदा वाचलं. मग आत गेली, चुलीवरचं आधण उतरवून ठेवलं आणि परसात जाऊन उभी राहिली. गोविंदा मागून आले तर ती हातातली काटकी मोडून तिचे बारीक तुकडे करत होती. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी हे पाहिलं नव्हतं.

"मी हसले म्हणतो," काकी म्हणाली. "तिची पोर मेली, आणि मी मंद हसले म्हणतो!"

"फोन लावू का त्यांना?"

"फोन कशाला? मला पाय नायत?"

रविवारी रोह्याला एका सभागृहात निर्मळवाट परिवाराचा कार्यक्रम असल्याचं मृणालीला ठाऊक होतं. दोघी सकाळच्या गाडीनं कासूहून निघाल्या. वाटभर पुस्तक रुमालासकट काकीच्या मांडीवर होतं. नागोठणं गेल्यावर मृणाली हळूच म्हणाली, "काकी, शांतपणे बोला हां. माणूस वाईट नाही तो." काकीनं तिच्याकडे असं पाहिलं की पुढं तिनं खिडकीबाहेरच बघणं पसंत केलं.

सभागृहाच्या मागच्या खोलीत सुजय भेटले. काकीला पाहून उठले, वाकून नमस्कार केला. "काकी! स्वतः आलात? कळवलं असतं तर गाडी पाठवली असती."

काकीनं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं. "हे मी कधी बोलले?"

सुजयनी पान पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू किंचित आखडलं. "काकी, हा प्रातिनिधिक प्रसंग आहे. शब्दशः तसंच लिहायचं नसतं. भाव महत्त्वाचा."

"माझा भाव हा नव्हता. मी मला म्हाईत नाय म्हणाले."

"हो, पण…" ते खुर्ची पुढं ओढून बसले, एखाद्या लहान मुलाला समजवावं तसे. "वाचक पुस्तक कशासाठी घेतो? त्याला आधार हवा असतो. 'मला माहीत नाही' या वाक्यावर मी प्रकरण संपवू शकत नाही. त्यातून बोध काय घेणार?"

"मग प्रकरण लिवायचं नाय."

"काकी…"

"मोबाइल उलटा करून हे नको म्हणाले होते ना मी? मान डोलावलीत तुम्ही."

"रेकॉर्डिंग मी बंदच केलं होतं. हे स्मरणातून लिहिलं."

"म्हणूनच आणखी वाईट," काकी म्हणाली. "मोबाइलात नीट ऐकू नाय आलं म्हणायला पण जागा नाय."

मृणालीनं मध्ये तोंड घातलं, "निदान पोरीचं नाव तरी काढायला हवं होतं, सर."

"ते चुकलंच," सुजय लगेच म्हणाले. "पुढच्या आवृत्तीत नाव बदलतो. गावही बदलतो. शब्द देतो."

"नाव बदलून काय व्हायचं? पारीसारखी दुसरी कोण बाई वाचल तिला काय वाटल? उत्तर बदला."

तेवढ्यात कार्यकर्ता आत आला, लोक खोळंबलेत म्हणाला. सुजय उठले. काकीनं असं समोर येणं त्यांना अडचणीचं वाटायला हवं होतं, पण त्यांना उलटंच वाटलं असावं. आपल्या गोड बोलण्यावर त्यांचा फार भरवसा होता. ते म्हणाले, "आलाच आहात तर स्टेजवर चला. लोकांना दर्शन तरी घडू द्या." काकी पुस्तक घेऊन त्यांच्या मागोमाग गेली.

सभागृहात दीड-दोनशे माणसं होती, बायका जास्त. सुजयनी काकीची ओळख करून दिली: हीच ती बांधावरची माउली, शाळेचं तोंड न पाहिलेली, पण जिच्या मुखातून साक्षात सरस्वती बोलते. टाळ्या पडल्या. शाल आली, नारळ आला. काकीनं नारळ टेबलावर ठेवला, शाल खांद्यावरून काढून घडी घातली आणि नारळाशेजारी ठेवली. मग माइकसमोर गेली.

"मी सातवी शिकले," ती म्हणाली. "हे पहिलं खोटं."

लोक हसले. गंमत वाटली त्यांना.

"दुसरं खोटं पुस्तकात हाय. पान चौऱ्याऐंशी. ज्यांच्याकडं पुस्तक हाय त्यांनी काढा."

पानं उलटल्याचा आवाज झाला. काकीनं तो उतारा सगळ्यांना वाचून दाखवला, ओवी वाचावी तसा ठाशीव, एकेक शब्द सुटा. सुजय खुर्चीत पुढं सरकले होते.

"हे मी बोलले नाय. ती पोर मेली कारण ओढ्यावर साकव नव्हता. तीन तास बाप तिला घेऊन काठावर उभा होता. साकव नव्हता ते लिवायचं राहिलं, आणि श्रद्धा नव्हती ते बरं सुचलं! त्या आईनं जेवढ्या हाका मारल्या तेवढ्या इथं बसलेल्यांतल्या कुणी जन्मात मारल्या नसतील. मी तर नाय मारल्या. तिला म्हणायचं तुझी श्रद्धा अपुरी? मोजली कुणी? कुठल्या पायलीनं मोजली?"

आता कुणी हसत नव्हतं. एक कार्यकर्ता जवळ येऊन कुजबुजला, "आजी, वेळ झालीय." काकीनं माइक सोडला नाही.

"ती बाई पोथीवर वाचायला शिकली. पोथीनंतर हातात घेतलेलं पहिलं पुस्तक हे. त्यात तिनं काय वाचलं, तर पोर तिच्यामुळं गेली. आणि ते सांगितलं कुणी, तर मी! ती वाचायला शिकली नसती तर बरं झालं असतं, असं मला तीन दिवस वाटतंय. असं मला वाटायला लावलंत तुम्ही." हे ती सुजयकडे वळून म्हणाली.

माइक बंद झाला. कुणी केला ते दिसलं नाही. सुजय उठून, माइकशिवायच, हात जोडून म्हणाले की माउलींच्या भावना दुखावल्या गेल्या आहेत, आपण त्यांचा आदर करू, एक मिनिट मौन पाळू. मागून एक माणूस म्हणाला, "हे काय राजकारण आणलं मध्येच?" चार-सहा जणांनी माना हलवल्या. बरेच जण डोळे मिटून मौन पाळूही लागले.

पण मधल्या रांगेतली एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, कपाळ मोकळं. तिच्या हातात पुस्तक होतं. "आजी," ती मौन मोडून म्हणाली, "मग तुम्ही खरं काय सांगितलं होतं तिला?"

काकीनं माइकशिवाय, गळा ताणून सांगितलं. मला म्हाईत नाय. तू हाक कमी मारली नाय.

त्या बाईनं हातातलं पुस्तक मिटलं. मग पिशवी उचलून सभागृहाबाहेर गेली. पुस्तक खुर्चीवरच राहिलं. आणखी सात-आठ बायका तिच्यामागं गेल्या. बाकीच्या बसून राहिल्या, आणि कार्यक्रम पुढं चालू झाला.

कासूला बातमी काकीच्या आधी पोचली होती. कुणीतरी व्हिडिओ काढला होता. गावात दोन तट पडायला संध्याकाळ व्हायची गरज लागली नाही. अनिता ओटीवर येऊन म्हणाली, "काकी, इतकं चांगलं पुस्तक, गावाचं नाव झालं. एका पानासाठी येवढा गोंधळ? माझी बहीण रोज वाचते ते. तिला बरं वाटतं."

"तुझ्या बहिणीची पोरं जिती हायत, म्हणून बरं वाटतं."

अनिता पदर तोंडाला लावून उठली ती गेलीच. काकीनं हाक मारली नाही. नंतर तिला वाटलं, मारायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी वाडीवर गेली. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. साडी वर खोचून तिनं ते पार केलं. पारी दारात शेणानं सारवत होती. काकीला पाहून उठली नाही, हातही थांबवला नाही. काकी तिथंच ओल्या सारवणाच्या कडेला बसली.

"मी तसं बोलले नाय, पारी. तूच होतीस ना समोर?"

"होते."

"मग?"

पारी म्हणाली, "मला वाटलं मला चुकून ऐकू आलं. रडत होते ना मी. छापलेलं खोटं कसं असल काकी? तुम्हीच म्हणाला होतात, पुस्तकाला पाय लागला तर पाया पडायचं."

सगळा रस्ता काकीनं सुजयवरचा राग घोळवला होता, आता तो राग तिच्या स्वतःकडेही वळला. अक्षर वाचायला शिकवलं, अक्षरावर संशय घ्यायला शिकवलंच नाही.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "छापलेलं खोटं असतं. पुष्कळ असतं. मी सांगायला हवं होतं."

तिनं कनवटीची पेन्सिल काढली, पुस्तक उघडून पारीपुढं धरलं. "खोड ते. सगळा मजकूर खोड."

पारीनं हात धुतले, पदराला पुसले. पेन्सिल घेतली. मुखपृष्ठावर समई होती, पुस्तकावर रेघोट्या मारायला तिचा हात धजेना. शेवटी तिनं बोटानं ओळी चाचपत 'दर्शना' शोधलं आणि तेवढंच खोडलं. त्या पानावर तीन ठिकाणी होतं. तिन्ही ठिकाणी इतकं दाबून गिरवलं की कागद फाटला.

"बाकीचं राहू दे त्यांचं," ती म्हणाली. "माझी पोर त्यात नको."

मग तिनं पुस्तक बाजूला सारलं आणि कितीतरी दिवसांनी काकीकडे सरळ पाहिलं. "पण काकी, का नाय धावला वो तो?"

"मला म्हाईत नाय गो," काकी म्हणाली. दोघी दारात बसून राहिल्या. उन्हं चढली, अर्धं सारवण वाळून गेलं. मोतीरामनं आतून कोरा चहा आणून ठेवला आणि तो कामाला निघून गेला.

सुजयनी फोनवर दिलगिरीचा संदेश पाठवला: भावना दुखावल्या असल्यास क्षमस्व. सहा महिन्यांनी दुसरी आवृत्ती आली. मृणालीनं पेणहून आणून दाखवली. पोरीचं नाव बदललेलं, गावाच्या जागी 'कोकणातलं एक खेडं', आणि उत्तर जसंच्या तसं. माउली अजूनही मंद हसत होत्या. काकीनं त्याच दिवशी संस्थेच्या पत्त्यावर पत्र लिहिलं. आयुष्यातलं तिचं हे पहिलं पत्र. 'उत्तर माझे नाही. छापू नये. छापायचे तर आपल्या नावावर छापावे. ओढ्यावर अजून साकव नाही, त्याविषयी काही लिहिता आले तर पाहावे.' जबाब आला नाही. ती दर महिन्याला तेच पत्र पुन्हा लिहून टाकते. पोस्टातली मुलगी आता न विचारता पाकीट देते.

ओटीवर पूर्वी वीस बायका यायच्या, आता नऊ येतात. अनिता येत नाही. काकीनं दोनदा तिच्या दारात जाऊन माफी मागितली. अनितानं चहा दिला, पण ती आली नाही. पारी चार एकादश्यांनंतर आली. वाचत मात्र नाही. पोथी तिच्यापुढं आली की पुढच्या बाईकडे सरकवते. काकी आग्रह करत नाही.

परवा गावातले एक जाणते गृहस्थ ओटीवर टेकले. म्हणाले, "वहिनी, तुम्ही पोथी वाचणाऱ्या. झालं गेलं सोडून द्यावं. अध्यात्मात राग नसावा."

"खोटं चालतं का त्यात?" काकीनं विचारलं.

"नाही, खोटं कसं चालेल?"

"चाललंय की. दुसरी आवृत्ती निघाली. मग माझा राग पण चालू द्या थोडे दिवस."

ते गृहस्थ हसले आणि उठले. चंद्राकाकी हसली नाही. तिनं पाटावर कागद घेतला, चष्मा चढवला आणि त्या महिन्याचं पत्र लिहायला घेतलं.